कड्याची जन्मतारीख

प्रश्न : मॅडम, मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका व्याख्यानात ऐकलं, की भूकंपात जमीन फाटून जो मातीचा कडा उभा राहतो, त्याचा उतार मोजून आणि कॉम्प्युटरवर मॉडेल चालवून तो भूकंप किती हजार वर्षांपूर्वी झाला ते सांगता येतं. मातीच्या उतारावरून तारीख कशी काय निघते? आणि निघाली तर तिच्यावर भरवसा किती ठेवायचा?
– एक विद्यार्थी, कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : तुझं पत्र मला निफाड तालुक्यात, माहेरच्या मळ्यात वाचायला मिळालं. तिथल्या जुन्या विहिरीशेजारी मुरमाचा एक ढीग आहे. १९७२च्या दुष्काळात वडिलांनी विहीर आणखी दोन परस खोल केली. तेव्हा वर काढलेला मुरूम तिथेच पडला, आणि नंतर कुणी तो हलवला नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या ढिगाचा माथा धारदार होता आणि आम्ही पोरं तिथून घसरत खाली यायचो. आज तो माथा म्हशीच्या पाठीसारखा गोल झाला आहे. उतार मंदावला आहे, आणि पायथ्याशी मातीची एक पातळ शेपटी बांधापर्यंत पसरली आहे. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या ढिगात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

प्रस्तरभंगावर, म्हणजे फॉल्टवर, मोठा भूकंप झाला आणि भेग जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोचली, तर एक बाजू वर राहते आणि दुसरी खाली जाते. मध्ये पायरी तयार होते. तीच फॉल्ट स्कार्प. आपण तिला भ्रंशकडा म्हणू. गाळामातीत किंवा वाळू-गोट्यांच्या थरात ही पायरी सुरुवातीला जवळजवळ उभी असते. ती तशी टिकत नाही. काही दशकांत, कोरड्या मुलखात काही शतकांत, उभी भिंत ढासळते आणि सुटी माती जितक्या उतारावर थांबते तितक्यावर येऊन थांबते. हा उतार साधारण ३३ ते ३५ अंशांचा असतो. वाळूचा ट्रक रिकामा केल्यावर बाजूंना जो उतार पडतो, तोच हा.

खरं घड्याळ यानंतर चालू होतं. पावसाचा थेंब आपटला की मातीचा कण उडतो आणि उताराकडे किंचित जास्त दूर पडतो. मुंग्या, उंदीर, मुळं, गुरांचे खूर, ओली होऊन फुगणारी आणि वाळून आक्रसणारी माती, हे सगळे कणाला हळूहळू खाली ढकलत राहतात. जिथे चढ जास्त, तिथून माती जास्त निघते. त्यामुळे वरची कड झिजून गोल होते, तीच माती खाली साठून पायथ्याची खाच भरते, आणि मधला चढ वर्षानुवर्षं मंदावतो. लोखंडी सळईचं एक टोक तापवलं की उष्णता जशी पसरते, त्याच समीकरणाने ही पायरी पसरते. तुमच्या अभ्यासक्रमात ते विसरणाचं, म्हणजे डिफ्यूजनचं, समीकरण म्हणून येतं.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आज रात्री एक्सेल उघड आणि एका ओळीत चाळीस रकाने घे. प्रत्येक रकाना म्हणजे जमिनीवरचं अर्ध्या मीटरचं अंतर. पहिल्या वीस रकान्यांत २ लिही, पुढच्या वीसांत ०. ही झाली दोन मीटरची ताजी पायरी. खालच्या ओळीत प्रत्येक रकान्याची नवी उंची अशी काढ : स्वतःची जुनी उंची, अधिक ०.२ गुणिले (डावीकडच्याची उंची अधिक उजवीकडच्याची उंची वजा स्वतःच्या उंचीची दुप्पट). दोन्ही टोकांचे रकाने मात्र बदलू नकोस. हे सूत्र खाली ओढत ने. झिजेचा वेग हजार वर्षांना एक चौरस मीटर धरला, तर तुझी प्रत्येक ओळ पन्नास वर्षांची होते. अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागातल्या कड्यांसाठी साधारण याच घरातला वेग धरतात.

आता सर्वांत तीव्र चढ कुठे आणि किती आहे ते बघ. विसाव्या ओळीत, म्हणजे हजार वर्षांनी, मधल्या दोन रकान्यांत सुमारे २८ सेंटिमीटरचा फरक दिसेल. अर्ध्या मीटरला २८ सेंटिमीटर म्हणजे २९ अंशांचा चढ. ऐंशीव्या ओळीत, चार हजार वर्षांनी, तोच फरक १४ सेंटिमीटरवर येईल आणि चढ १६ अंशांवर. दोनशेव्या ओळीत, दहा हजार वर्षांनी, जेमतेम १० अंश उरतील. वेळ चौपट झाला की चढ निम्मा होतो. सुरुवातीला पायरी भराभर बदलते, नंतर फार सावकाश. म्हणूनच कडा जितका जुना, तितका त्याच्या वयाचा अंदाज पसरट. घाईने पन्नासऐवजी दोनशे वर्षांची उडी मारायला जाऊ नकोस. तेव्हा ०.२च्या जागी ०.८ येतं आणि आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली नाचायला लागतो. ती मातीची करामत नसते, गणिताचा तोल गेलेला असतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण हे दात बघून ‘भूकंपानंतरचे धक्के’ शोधायला लागायचे.

मग पहिल्या ओळीत २च्या जागी ४ लिहून बघ. चार मीटरची पायरी चार हजार वर्षांनी नेमकी २९ अंशांवर येते, जिथे दोन मीटरची पायरी हजार वर्षांतच आली होती. म्हणजे नुसता चढ बघून ‘हा ताजा, तो जुना’ म्हणणं चूक आहे. उंच कडा म्हातारपणीही तरुण दिसतो. १९७७ साली भूवैज्ञानिक रॉबर्ट वॉलेस यांनी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या भ्रंशकड्यांचे छेद, म्हणजे आडव्या रेषेवर मोजलेले चढउतार, मांडून त्यांच्या वयाचा विचार केला. पाठोपाठ बकनम आणि अँडरसन यांनी उंची आणि चढ एकाच आलेखावर घेतले, तेव्हा वेगवेगळ्या काळातले कडे वेगवेगळ्या रांगांत बसताना दिसले. हा आलेख मला पाठ्यपुस्तकातल्या कितीतरी मोठ्या सिद्धांतांपेक्षा सुंदर वाटतो. हातात मोजपट्टी आणि कोनमापक असलेल्या माणसांनी तो काढला आहे.

तू विचारलेल्या भरवशाचा प्रश्न इथेच येतो. कड्याचा आकार मॉडेलशी जुळवल्यावर हाती वय येत नाही, झिजेचा वेग गुणिले वय असा गुणाकार येतो. बारा आले म्हणून तीन चोक आहेत की दोन सक, ते बारा हा आकडा सांगू शकत नाही. वेग निम्मा धरला की वय दुप्पट होतं. कॉम्प्युटर कितीही ताकदीचा असला तरी या पेचातून तो स्वतः सुटत नाही. त्याला बाहेरून एक गोष्ट द्यावी लागते : त्याच हवेतली, त्याच मातीतली, पण वय आधीच माहीत असलेली दुसरी पायरी.

अमेरिकेत युटामध्ये ती मिळाली. आजचं ग्रेट सॉल्ट लेक हा हिमयुगातल्या बॉनव्हिल नावाच्या प्रचंड सरोवराचा उरलेला तुकडा. ते सरोवर भरलेलं असताना लाटांनी काठाच्या गाळात पायऱ्या कापल्या, आणि सर्वांत वरच्या काठाचं वय कार्बनच्या साहाय्याने ठरलं आहे, सुमारे १७-१८ हजार वर्षं. वय माहीत, आकार मोजला, म्हणजे वेग निघाला. तो वेग शेजारच्या भूकंपाच्या कड्यांना लावता आला. भूकंपाचा काळ ज्याने दाखवला ते घड्याळ तळ्याच्या काठावर होतं, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगत आले आणि दर वर्षी मला ती नव्याने आवडली.

आमचा मुरमाचा ढीगही तसाच. १९७२ हे साल पक्कं आहे. गेल्या हिवाळ्यात भाच्याला घेऊन मी दोरी, मोजपट्टी आणि गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल नळी लावून त्याचा छेद काढला. झिजेचा वेग नेवाडाच्या आकड्याच्या कितीतरी पट निघाला. निघणारच. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने शेळ्या त्यावर चढतात. तोच वेग इगतपुरीला लावता येणार नाही, कारण तिथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. येवल्याच्या कोरड्या माळालाही तो लागू नाही. कुणी तुला एखाद्या कड्याचं वय एका आकड्यात सांगितलं, तर पहिला प्रश्न हा विचार, की वेग कुठून घेतला?

आणखी एक खाच आहे. एकच मोठा भूकंप होऊन चार मीटरची पायरी झाली, की दोन-दोन मीटरचे दोन भूकंप हजारो वर्षांच्या अंतराने झाले? दोन्ही कडे लांबून सारखे दिसू शकतात. मॉडेलमध्ये हे करून बघता येतं. पहिल्या ओळीत पुन्हा २ लिही, चाळीसाव्या ओळीवर थांब, डाव्या अर्ध्यातल्या सगळ्या रकान्यांत २ मिळव आणि पुढे चाल. जुनी गोलाई बाहेरच्या अंगाला आणि नवी तीव्र धार मध्ये, असा दुहेरी आकार दिसेल. पण जसजशा ओळी वाढतात तसा हा दुहेरीपणाही विरतो. म्हणून कड्याला आडवा चर खणतात. ढासळलेली माती पायथ्याशी पाचरीच्या आकारात साठलेली असते. दोन भूकंप झाले असतील तर पाचरी दोन, एकावर एक. त्यांतला कोळसा किंवा वाळूचे कण तपासून वय काढतात आणि मॉडेलशी ताडून बघतात. मॉडेल आणि चर यांची साक्ष जुळली, की मी विश्वास ठेवते.

चुनखडकातल्या कड्यांचं गणित वेगळं. तिथे आकार फारसा झिजत नाही, घड्याळ खडकाच्या आत असतं. अवकाशातून येणारे किरण चुनखडकातल्या कॅल्शियमवर आदळतात आणि क्लोरीन-३६ हा क्लोरीनचा किरणोत्सारी प्रकार तयार होतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे तीन लाख वर्षं आहे. भूकंपाने कडा दोन मीटर वर आला, की तेवढा नवा पट्टा उघड्यावर येतो आणि त्यात क्लोरीन भराभर साठायला लागतं. वरचा पट्टा आधीपासून उघडा, म्हणून त्यात जास्त. जमिनीखालच्या भागातही दोनेक मीटरपर्यंत थोडं थोडं साठत असतंच, म्हणून हिशेब किचकट होतो. तिथे कॉम्प्युटरला खरं काम लागतं. ‘चार भूकंप झाले, अमुक अमुक साली’ असे असंख्य कल्पित इतिहास तो रचतो, प्रत्येकातून किती क्लोरीन जमलं असतं ते काढतो, आणि कड्यावरून खालपासून वरपर्यंत कापून आणलेल्या नमुन्यांशी कुठले इतिहास जुळतात ते राखून ठेवतो. ग्रीसमध्ये स्पार्टाजवळच्या कड्यावर हे केलं गेलं. इ.स.पूर्व ४६४ मध्ये तिथे मोठा भूकंप झाला आणि पाठोपाठ गुलामांनी बंड केलं, हे ग्रीक इतिहासात नोंदलेलं आहे, त्यामुळे शेवटच्या भूकंपासाठी लिखित साक्षही हाताशी होती. त्याआधीचे भूकंप ठरावीक अंतराने झालेले दिसले नाहीत. ‘दर इतक्या वर्षांनी येतो’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पाऊस थांबला, की मळ्यावर ये. छेद पुन्हा काढू. ढिगावर घाणेरी माजली आहे, पण ती उपटायची नाही. तिच्या मुळांनी माती धरून ठेवली आहे, आणि तीही वेगाच्या हिशेबात येते.

प्रश्न : ताई, आम्ही दर श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करतो. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीचे ते सरळ तुटलेले काळे कडे भूकंपाने झाले असं आमच्या ग्रुपमधले एक काका सांगतात. खरं का?
– एक गृहिणी, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही. काकांना चुकीचं का वाटलं ते मात्र समजण्यासारखं आहे, कारण कडा तुटल्यासारखाच दिसतो. पुढच्या फेरीत एक करा. अंजनेरीच्या कड्यावरचे आडवे पट्टे नजरेने धरा आणि समोरच्या डोंगरावर तेच पट्टे शोधा. साधारण त्याच उंचीवर सापडतील. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरला, त्याचे हे थर. मोठा प्रस्तरभंग मधून गेला असता तर एका बाजूचे थर खाली घसरलेले दिसले असते. कठीण बेसॉल्ट उभा राहतो, त्याच्या खालचा सच्छिद्र किंवा गेरूसारखा लाल थर झिजतो, मग वरचा ठोकळा आधार गेल्याने कोसळतो. यातूनच पायऱ्या झाल्या, आणि ‘ट्रॅप’ हे नावही पायऱ्यांच्या स्वीडिश शब्दावरून पडलं. वर सांगितलेलं मॉडेल इथे चालवायचं नाही. ते कणाकणाने सरकणाऱ्या मातीसाठी आहे, ठोकळ्यांनी पडणाऱ्या कातळासाठी नाही.

प्रश्न : मॅडम, आमच्या कळवणच्या बाजूला अधूनमधून जमीन हादरते, गुरगुर ऐकू येते. आमच्याकडे असा कडा पडलेला नाही. म्हणजे मोठा भूकंप कधी झालाच नाही असं समजायचं का?
– एक शेतकरी, कळवण तालुका

उत्तर : दादा, कडा नाही म्हणून भूकंप नाही, असं धरून चालू नका. तुमच्याकडच्या हलक्या हादऱ्यांनी कडा पडतच नाही. त्यांची नोंद उपकरणांवर होते, नाशिकला दिंडोरी रस्त्यावरच्या ‘मेरी’त, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, हे काम चालतं. जमीन पृष्ठभागापर्यंत फाटायला साधारण सहाच्या वरचा भूकंप लागतो, आणि तोही उथळ. २००१ साली भूजला ७.७चा भूकंप झाला, पण मुख्य भेग वर पोचलीच नाही. उलट त्याच कच्छमध्ये १६ जून १८१९च्या भूकंपाने सपाट रणात सुमारे ८० किलोमीटर लांबीचा उंचवटा उभा केला. माणसांनी बांधलेला नव्हे म्हणून लोकांनी त्याला अल्लाह बंद नाव दिलं. १८२६च्या पुरात नदीने तो फोडला.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकती झोपली होती. ६.२चा भूकंप, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा तरुण प्राध्यापिका होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं तिकडे गेलो. एका शेतकऱ्याने आम्हाला त्याच्या रानात नेऊन दाखवलं, ‘हितं रान उचललं.’ कुठे वीतभर, कुठे गुडघाभर पायरी काळ्या मातीत वाकडीतिकडी गेली होती. जमिनीची एक बाजू दुसरीवर चढली होती. त्याच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं, तरी तो आमच्यासोबत शेवटपर्यंत चालत आला. मी फोटो काढले, वहीत रेखाचित्र काढलं. मोजपट्टी पिशवीत होती आणि मी छेद मोजला नाही. त्या माणसासमोर पट्टी काढायला हात धजला नाही.

तेरा वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा तिथे तूर उभी होती. पायरी दिसली नाही. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि वर दर हंगामाला नांगर. अशा रानात गुडघाभर कडा दहा-वीस वर्षांत सपाट होतो. आपल्याकडे जुने कडे दिसत नाहीत त्याचं एक कारण हे आहे. किल्लारीच्या वायव्येला तेरजवळ अभ्यासकांना सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा मिळाल्या, त्या जमिनीखालच्या थरांत. वर चालणाऱ्याला त्यांचा पत्ता लागला नसता.

तेव्हा दादा, देव न करो, पण तुमच्या किंवा शेजारच्या गावात कधी रान उचललं, तर आधी माणसं, गुरं, घरं बघा. ते सगळं सावरलं की पायरीला आडवी एक दोरी लावा, दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं पुढे जाईल एवढी. पाण्याच्या नळीने दोरी समपातळीत घ्या. दर अर्ध्या मीटरला दोरीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा. तारीख लिहा, माती कसली ते लिहा. दोन्ही टोकांना दगड पुरून ठेवा. जमलं तर दोरीभोवतीचा चार हातांचा पट्टा नांगरापासून राखा आणि दर वर्षी दिवाळीनंतर त्याच दगडांमध्ये पुन्हा मोजा. शाळेतल्या आठवी-नववीच्या पोरांनाही हे जमेल. वहीची एक प्रत मेरीकडे द्या आणि एक मला पाठवा.